कुरणापलीकडचा रस्ता

१४ एप्रिल २०२४, रविवार

पाटी लागली! शेजारच्या वॉल्टच्या कुंपणाला लागून जो मोकळा माळ आहे ना, तिथे. पांढरी, माणसाएवढी उंच. जमिनीच्या वापरात बदल, दोनशे ऐंशी टाउनहाउसेस, पुढच्या महिन्यात काउंटीची सुनावणी. गाडी थांबवून दोनदा वाचली, फोटो काढला, घरी येऊन शंतनूला दाखवला. म्हणाला, "छपाई चांगली केलीय." लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाला घाबरायला काही शिकवता आलं नाही. दोघांच्या वाटचं मलाच घाबरावं लागतं.

दोनशे ऐंशी घरं म्हणजे पाचशे गाड्या तरी. आणि इथून बाहेर पडायला रस्ता एकच! त्यावर तो पूल, एका वेळी एकच गाडी जाते. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावर जंगल पेटलं, तेव्हा 'तयार राहा' असा मेसेज आला होता. मी बॅगा भरून दारात बसले होते. शंतनूला हा असा दमा, धुराने याचं काय होईल हेच डोक्यात. वारा फिरला म्हणून निभावलं. तेव्हापासून उन्हाळा म्हटलं की रोज उठल्याबरोबर मी आधी डोंगराकडे बघते.

आधी बॉथेलला शहरात होतो, काय वाईट होतं? नाही, रिटायर झाल्यावर साहेबांना मोकळी हवा हवी होती. घ्या मोकळी हवा!

१५ एप्रिल

अमेयचा प्लेनोहून फोन. "आई, जस्ट सेल इट अँड कम हिअर. इथे जंगलच नाहीये." मी म्हटलं, तिथे टोर्नेडो येतात. तर म्हणे, "आई, यू कॅन बी स्केअर्ड ऑफ एनिथिंग." हसत होता. मला नाही हसू आलं.

२० एप्रिल

वॉल्टच्या गोठ्यात सगळ्यांची मीटिंग झाली. वॉल्ट इथेच जन्मलेला. त्याची बायको जॉईस दर शनिवारी आमच्या फाटकावर अंडी ठेवून जाते. मी चिवडा नेला होता, डबा रिकामा झाला. वॉल्ट म्हणाला, "एकही घर होऊ द्यायचं नाही." टाळ्या. मीपण वाजवल्या. मनापासून.

मग मागून कोणीतरी म्हणालं, ही घरं कोण घेणार आम्हाला माहीत आहे, ते सगळे कॉम्प्युटरवाले. प्रत्येकजण माझ्याकडे न बघायची इतकी काळजी घेत होता की मला उठून जावंसं वाटलं. जॉईसने हात धरला. "तुझ्याबद्दल नाही बोलत तो." हो का? मग कोणाबद्दल?

४ मे

आज दारात एक मुलगी. "काकू, मी केया टिपणीस." आईबाबा अर्विंगला, अमेयच्या प्लेनोजवळच, ही बिल्डरच्या कंपनीत प्लॅनर! आमचं नाव पाहूनच हिला पाठवलं असणार. दार लावून घ्यायला हवं होतं. पण ती "काकू" म्हणाली, आणि भुकेलीही दिसत होती. पोहे टाकले.

खाता खाता तिने नकाशा उघडला. "काकू, काउंटी म्हणतेय सेकंड एक्झिट पाहिजेच. अँड दॅट कॅन ओन्ली गो थ्रू युअर पाश्चर." म्हणजे आमच्या घरामागच्या कुरणातून! ओढ्यावर पूल बांधायचा आणि मागच्या मोठ्या रस्त्याला जोडायचं. आमची पट्टी मिळाली नाही तर दुसरा रस्ता नाही, आणि रस्ता नाही तर घरं नाहीत. "रोड फर्स्ट, हाउसेस लेटर. बाय नेक्स्ट समर रोड रेडी, काकू. फायर आली तर एव्हरीबडी कॅन यूज इट. तुमचे नेबर्सपण."

मी नकाशा बाजूला सरकवला. अजून थोडे पोहे वाढले.

निघताना विचारलं तिने, "सो काकू, व्हॉट डू यू थिंक?" मी म्हटलं, "कळवतो हं." आमच्या घरी स्थळ पसंत नसलं की हेच करायचे. पोटभर पोहे, चहा, फाटकापर्यंत पोचवायला जायचं आणि "कळवतो" म्हणायचं. समोरची माणसं काय ते समजतात, परत विचारत नाहीत. दारी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? केया म्हणाली, "ऑसम!" आणि मला मिठीच मारली.

गाडी गेल्यावर शंतनू म्हणाला, "चारू, दोन वर्षं रस्ता रस्ता करतेस. मिळतोय ना?" मला रस्ता हवाय. ती घरं नकोत. आणि दोन्ही एकाच ताटात वाढून आलंय.

५ मे

"जमीन दोघांच्या नावावर आहे, पण तू ठरव," शंतनू म्हणाला. "मी काही बोललो तर जन्मभर ऐकावं लागेल." तेही खरंच.

२१ मे, मंगळवार

सुनावणी.

शाळेचा हॉल खच्चून भरलेला. आम्ही वॉल्ट-जॉईसच्या शेजारी बसलो होतो. केयाने पडद्यावर तोच नकाशा दाखवला, आमच्या कुरणावर हिरवी रेघ. खाली लिहिलेलं: शेजारच्या मालकांशी बोलणं झालं आहे, प्रतिसाद अनुकूल. लांबून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. बिचारी!

सगळा हॉल वळला. वॉल्ट हळूच म्हणाला, "हे खरं आहे?" मी म्हटलं, नाही, म्हणजे ती घरी आली होती, पण मी तिला नाहीच म्हटलं होतं. "नाही म्हणालीस?" तसं नाही, पण... आता याला पोहे कसे समजावू? मागून आवाज आला, "ही माणसं आतून एकच असतात." जॉईसने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

शंतनू मला बाहेर घेऊन आला. पार्किंगमध्ये मला रडू फुटलं.

२४ मे

पत्रपेटी खांबासकट आडवी. गाडीने ठोकलीय. शंतनू म्हणतो, कोणाचा तरी रिव्हर्स चुकला असेल. इतका सरळ रस्ता!

२५ मे

शनिवार. अंडी नाहीत.

२ जून

एक काळा पिकअप येतो, फाटकापाशी हळू होतो आणि जातो. आज पुन्हा. ड्रायव्हर दिसत नाही. मी भरदिवसा पडदे ओढून बसते. शंतनू कुरणात गवत कापतो, मी खिडकीच्या फटीतून त्याच्यावर नजर ठेवते. इतकी वर्षं या देशात काढली, घर बदललं, नोकऱ्या बदलल्या, पण शेजाऱ्यांची भीती कधी वाटली नव्हती. आगीची भीती परवडली. ती निदान उन्हाळ्यापुरती असते.

७ जून

दुकानात जॉईस दिसली. मी हात केला. तिने टोमॅटो निवडायला घेतले. एक टोमॅटो किती वेळ निवडावा!

११ जून

दुसरी सुनावणी. मी बोलायला नाव दिलं. शंतनूला गाडीत सांगितलं. तो नुसता म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, हो. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं त्याने.

माईकसमोर उभी राहिले. केया पहिल्या रांगेत. मी तिच्याकडे बघितलंच नाही. म्हटलं, "आमच्या जमिनीतून रस्ता जाणार नाही. आज नाही, कधीच नाही." एवढंच. दोन वाक्यं. हॉल उभा राहिला! वॉल्टने शिट्टी मारली. जॉईस रडत माझ्या गळ्यात पडली. आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं सुटल्यासारखं, की ते कशामुळे वाटतंय हे त्या क्षणी मी स्वतःला विचारलं नाही.

आता विचारतेय. मी रस्त्याबद्दल बोललेच नव्हते. मी त्या पिकअपबद्दल बोलत होते.

१२ जून

अंडी आली. शिवाय जॉईसने भाजलेला ॲपल पाय. शिवाय नवी पत्रपेटी, वॉल्टने स्वतः खांब ठोकून बसवली. शंतनू तो ॲपल पाय खाता खाता म्हणाला, "छान झालाय." मग उठून गवत कापायला गेला.

१८ जून

केयाचा मेसेज. "काकू, आय थॉट यू लाइक्ड द आयडिया. इट्स ओके. पोहे वेअर रिअली गुड." तीनदा उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी जे म्हटलं तेच तिने ऐकलं.

३ ऑक्टोबर

बिल्डरने अर्ज मागे घेतला. माळावरची पाटी काढली. वॉल्टकडे पार्टी, मला खास बोलावणं. जिंकलो आपण, म्हणाले सगळे.

१० जुलै २०२५

पाऊस नाही. गवत पिवळंधमक. शंतनू दोन इन्हेलरवर आलाय. अमेय म्हणतो, उन्हाळाभर तरी या. शंतनू म्हणतो, बघू.

१७ ऑगस्ट

पूर्वेच्या डोंगरावर धूर. लांब आहे म्हणतात. बॅगा भरल्या. मागच्या रस्त्यावरच्या गाड्या कुरणाच्या टोकावरून दिसतात, ओढ्याच्या पलीकडे, इतक्या जवळ की रंग ओळखता येतात. मी बराच वेळ तिथे उभी होते. शंतनूने हाक मारली तेव्हा दचकले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गाडीत बसून लिहितेय. हाताला काहीतरी काम हवं. भरदुपारी आकाश नारिंगी. रांग हलत नाही, पुढे पुलावर काहीतरी अडकलंय. शंतनू डोळे मिटून श्वास मोजतोय. खिडकीवर टकटक झाली, वॉल्ट. तोंडाला रुमाल. "तुमच्या कुरणातून मागच्या रस्त्याला जाता येईल का?"

ओढा खोल आहे. पूल नाही. हे त्याला माहीत आहे. तरी विचारून तो तिथेच उभा राहिलाय.