प्रयोगशाळेतलं हलणारं टेबल

६ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अत्यंत खेदाने कळवतो की आमच्या प्रयोगशाळेतलं माझं टेबल हलतं. तू हसशील. इथलेही हसतात. मी लिफ्टविरुद्ध एक अर्ज दिला आहे, शेजारच्या खोलीच्या दाराविरुद्ध दुसरा, आणि पंख्याकडे तोंडी निषेध नोंदवला आहे. टेबलाच्या एका पायाखाली माझा संस्कृत कोश सरकवला. इतक्या वर्षांत त्याचा प्रत्यक्ष आधार असा कोणाला तरी झाला, आणि टेबल आता दुसऱ्या बाजूला कलतं.

मी नेमकं काय करतो, असं तू मागे विचारलं होतंस. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला तुला काहीतरी हवं असतं. तर ऐक. पेशीच्या मधोमध एक बंद खोली असते, केंद्रक. मूळ पोथी तिथे जपलेली. बाहेर येते ती लागेल तेवढ्या पानाची नक्कल. तिचं नाव संदेशवाहक आरएनए. सगळी कामं बाहेर चालतात, पण या नकलेला एकटीला दार ओलांडता येत नाही. तिला धरून बाहेर नेणारी प्रथिनांची एक जोडी असते: एक धिप्पाड, एक चिमुकलं. आमच्याकडे आहे ती एका बुरशीतली जोडी. मी कित्येक वर्षं त्या धिप्पाडाला एकट्यालाच उभं करू पाहत होतो. तो चिमुकल्याशिवाय धड घडी धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. शाळेत द्वंद्व समासाचं बक्षीस मिळवलेल्या माणसाला हे सर्वांत शेवटी कळलं.

आता द्रावणाच्या थेंबांत जोडीचे स्फटिक झाले आहेत, साखरेच्या कणाहून बारीक. केसाएवढ्या नायलॉनच्या फासात एकेक अलगद उचलायचा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा, मग त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून जोडीची आकृती काढायची. उचलण्याचं काम पहिल्यापासून माझं. आमच्या प्रमुख बाई मला कोळी म्हणतात. हल्ली कोळी हात लावतो तो स्फटिक मोडतो. ज्या अर्थी स्फटिक मोडतो, त्या अर्थी टेबल हलतं. अनुमानात खोट काढून दाखव.

लोभ आहेच, टेबल स्थिरावेपर्यंत तो थोडा वाढवावा.

तुझा,
पंडित


१४ जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं बघून तुझे मेहुणे आधी घाबरलेच, त्यांना वाटलं नोटीस आली. आपल्या घरात पत्र हातानेच लिहायचं, हा बाबांचा दंडक. तुझं मोत्यासारखं अक्षर माझ्यासमोर धरून ते मला रागवायचे, ते मी अजून विसरलेली नाही. आणि पुढे माझ्या नशिबी आल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या!

टेबलाचं म्हणशील, तर आई नवी फळी ठोकली की तिच्यावर वाटीभर पाणी ठेवून बघायची. तूही बघ. हलत असेल तर पाणीच सांगेल. कोशाला कशाला त्रास?

आणि तिथे स्फटिक उचलणारं दुसरं कोणी नाही का रे? धिप्पाड एकटा उभा राहत नाही, हे वाचून मी यांना म्हटलं, पंडिताने या वेळी स्वतःबद्दल बरंच खरं लिहिलंय.

जपून राहा. हाताने लिहिलेल्या पत्राची वाट बघते.

ताई


२२ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाटी मिळाली नाही. इथे काचेची नाना भांडी आहेत, पण शास्त्रोक्त वाटी म्हणावी असं एकही नाही. टाइप करतो, कारण माझं पेन गळतं.

आता एकाच थेंबात स्फटिक उरले आहेत. नवे करायचे म्हणजे प्रथिन पहिल्यापासून तयार करणं आलं, आणि क्ष-किरणांच्या केंद्रावर आमची पाळी पुढच्या आठवड्यात. शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी, जिला मी कात्री म्हणतो, कारण माझं प्रत्येक लांब वाक्य ती मध्येच तोडते, ती म्हणाली, मी उचलून बघू का? मी तिला सांगितलं की टेबलच हलत असताना तुझ्या हातूनही मोडेल. हे वाक्य तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

लोभ टिकवावा. कोशाची खुशाली पुढे कळवीन.

तुझा,
पंडित


२७ जून

पंडिता,

आशीर्वाद धरूनच चाल. दुकानात गर्दी आहे.

बाबांचं पेनही शेवटी शेवटी गळायला लागलं होतं, आठवतं? तेव्हा आपण दोघं त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायचो. आपल्याला काही कळलेलं नाही, असं ते समजायचे. आपणही त्यांना तसंच समजू दिलं.

वाटी शोध.

ताई


४ जुलै

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे हाताने लिहितोय. ओळी वरखाली गेल्या असतील. पेन उत्तम आहे.

वाटी कँटीनमधून आणली. टेबलावर ठेवून समोर बसलो. लिफ्ट गेली, दार आपटलं, पंखा फिरतच होता. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. टेबलाची मनोमन क्षमा मागितली आणि कोश काढून घेतला. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, घरात खापर फोडणं म्हणतात. मग दार लावलं आणि वाटी हातात घेतली. बाही भिजली.

कात्रीला बोलावलं. तिने एकही प्रश्न केला नाही. फास हातात घेतला आणि म्हणाली, स्फटिक कुठून धरायचा तेवढं तुम्ही सांगा. मी सांगत गेलो, ती उचलत गेली. एकही मोडला नाही. जोडीची पहिली धूसर आकृती काल हाती आली. धिप्पाड जिथे ढासळला असता, नेमक्या त्याच जागी चिमुकलं त्याला टेकू देऊन बसलंय. सगळे नाचले. मीही नाचलो, उजवा हात खिशात ठेवून.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. वेळ कात्रीने घेतली. प्रत्येक कापरा हात बाबांचा नसतो, असं तू म्हणशील, आणि ते खरंही असेल. पण मी स्वस्थ बसलो की माझा अंगठा बोटावर फिरत राहतो. त्यांचा फिरायचा, अगदी तसाच.

रविवारी तुझ्याकडे येतो. कप अर्धाच भर. मला कळलंय, हे मी लपवणार नाही. सोमवारी तू बरोबर चल. या वेळी लोभ पत्राने पुरायचा नाही.

ताई, मला भीती वाटते.

तुझा,
पंडित