ओट्यावरचा जर्मनचा पेला

कंधार, गुरुवार, दिवेलागण

ओट्यावर जर्मनचा पेला ठेवल्याचा तो ठण्ण आवाज! शाळेत माझ्याशेजारी बसून कविता म्हणणाऱ्या किसनसाठी माय तो वेगळा ठेवायची.

उद्या वाचनालयात एका अमेरिकन कादंबरीवर बोलायचंय. तिच्यातली गोरी मालकीण काळ्या नोकराला मायेनं जेवू घालते, पण ताटली वेगळी. भाषणात तिला दुष्ट लिहिलं अन् पेन अडलं. मग माय? किसन तापानं फणफणला तेव्हा रडलेली माझी माय? बरं, मालकीण चांगली म्हणावं, तर तो पेला? काहीच उमजून नाही राहिलं.

एवढ्यात दार वाजलं. किनवटहून किसन, इतक्या वर्षांनी!

"आत ये," म्हटलं.

"येतो की. पण तुझ्या मायचा पेला हाय का रे अजून? त्यातच चहा दे."

तो हसत होता. मला हसता येईना.