एक अक्षर दाबायचं होतं

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

वीज जाऊन आली नि माझा लिनक्सचा संगणक सुरू होताना अर्ध्यातच थांबला. पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत प्रश्न होता: डिस्क दुरुस्त करू का? फक्त ‘वाय’ दाबायचं. एक अक्षर! मी शहापूरला होते. इकडे बहिणीने तो दुकानात नेला. मेकॅनिकने प्रश्न न वाचताच सगळं पुसून दुसरी सिस्टीम टाकली.

“काहून चिडून राहिल्या, म्याडम? नवा करून देला नं!”

“एक प्रश्न वाचता आला नाही? निरक्षर आहात का? नव्यात माझी आई कुठे आहे?”

तिने म्हटलेली धानाच्या रोवण्याची गाणी त्यातच होती. तिचा आवाज तेवढाच उरला होता.

“दुसरीकडे कॉपी नोयती काय?”

नव्हती. कॉपीची आज्ञा मी कधीच टाइप करून ठेवली होती. एंटर तेवढा उद्यावर ढकलत राहिले. आणि निरक्षर मी त्याला म्हणाले.