सहाचा नऊ

लिहून ठेवणार: कुमारी वसुमती खंडोजीराव माने, वय वर्षे सहासष्ट, भूविज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार बनशंकरी दुसरा टप्पा, बेंगळूर.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हस्ताक्षरात आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहीत आहे. शेजारच्या डॉक्टर धनलक्ष्मी यांनी काल माझा रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासली. त्यांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि लालबागेतल्या खडकाचे वयही सांगितले: तीनशे कोटी वर्षे, स्वल्प इकडेतिकडे. त्यांनी दाखला दिला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणू पाहणारी सगळी माणसे माझ्याआधीच गेली.

कलम १. १९९१ साली केलेले माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द होत आहे. ते मी फाडलेले नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून, शेजारी तारीख घालून कपाटात ठेवले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला हा नियम पाठ आहे. रानात खडक बघत हिंडताना जी वही ठेवायची, तिच्यात रबर वापरायचे नाही. चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. आपण कुठे चुकलो हे झाकून ठेवले तर पुढचा तिथेच चुकतो. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रातही खाडाखोड केली तर शेजारी सही लागते. वकिलीतली मला आवडलेली ही पहिलीच गोष्ट.

कलम २. राहते घर, आतल्या सामानासकट, माझे दिवंगत बंधू अण्णा यांचा मुलगा चि. उल्हास याला द्यावे. आजारपणात त्याने मला दोनदा इस्पितळात नेले आणि दोन्ही वेळा परत आणले, हे मी विसरलेली नाही. घर १९७४ साली बांधले. तेव्हा रिक्षावाले बनशंकरीला यायला नाही म्हणत. आजही म्हणतात, पण आता गर्दीचे कारण देतात.

मागच्या अंगणात एक खडक वर आलेला आहे. गवंडी म्हणाला, सुरुंग लावू. मी म्हणाले, तो आपल्या आधी आला आहे, आपण सरकू. म्हणून स्वयंपाकघर चार फूट पुढे आले आणि फडताळ वाकडे बसले. आमचे घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात आले, म्हणून आम्ही स्वतःला जुने म्हणवतो. त्या खडकावर बसून वाटाणे सोलताना तो तोरा जरा उतरतो. उल्हासने घर विकले तरी माझी हरकत नाही, पण घेणाऱ्याला खडक आधी दाखवावा.

कलम ३. माझी निळी हजेरीवही. १९५८ ते १९९० या काळात माझ्याकडे शिकलेल्या दोनशे बारा मुलामुलींची नावे तीत आहेत. प्रत्येक नावापुढे निकाल आहे आणि त्यापुढे मी आखलेला एक रकाना आहे: सध्या काय करतो.

हा रकाना आखण्याचे कारण आईबाप. दर जूनमध्ये कोणीतरी येऊन विचारायचेच, "दगड शिकून पोरगा काय करणार, मॅडम?" माझी आई सगुणाबाई हिने तर माझ्याच वेळी विचारले होते, "पोरगी दगडं वेचत हिंडते, हिला मागणी कुठून येणार?" मागणी आली नाही हे खरे. त्याचे दुःख माझ्यापेक्षा तिलाच जास्त झाले.

दोनशे बारांपैकी एकोणीस जण खाणीत, तेलात नाहीतर सरकारी सर्वेक्षणात गेले. उरलेले एकशे त्र्याण्णव फुकट गेले असे मी कित्येक वर्षे समजत होते. कोणी सिमेंटच्या कारखान्यात, कोणी पोलिसात, एकाचे फरशी घासण्याचे दुकान, एक पडक्या देवळांचे चिरे पुन्हा जुळवून देतो. निवृत्त झाल्यावर मी एकेकाकडे जाऊन चहा प्यायले, तेव्हा माझे डोळे उघडले. ही वही माझी विद्यार्थिनी हर्षिता (कलम ५) हिच्याकडे द्यावी. कोणाचे आईबाप तेच विचारत आले तर तिने रकाना वाचून दाखवावा.

कलम ४. माझे दहापट दाखवणारे भिंग मानसिंगला. हा माझा १९६९ चा विद्यार्थी. चित्रदुर्गच्या सहलीत हा सगळ्यांच्या वाटणीची चित्रान्नाची, म्हणजे लिंबूभाताची, पुडकी बसमध्ये विसरला आणि दिवसभर आम्ही चिंचेच्या पाल्यावर काढला. त्या सहलीइतके मी पुन्हा कधी हसले नाही. आता तो बँकेत सोने तपासतो. मला म्हणाला, "मॅडम, चमकणारं सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही आधी आजूबाजूचा खडक बघायला शिकवलंत. मी आधी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो, मग बांगडी." पंचवीस वर्षांत एकही खोटा दागिना याच्या हातून सुटलेला नाही, असे त्याचे साहेब सांगतात.

कलम ५. माझी हातोडी आणि दगडांचा संग्रह, एक नमुना वगळून, हर्षिताला. ही माझ्या शेवटच्या वर्गातली. कोरमंगलात एका कंपनीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कॉम्प्युटरवर नकाशे करते. ती तिकडे गेली तेव्हा मी तिला फार टाकून बोलले. काचेआडचा दगड तो दगडच नव्हे, असे म्हणाले. वर्षभर अबोला होता. मग तिने मला हाताला धरून तिच्या कचेरीत नेले आणि पडद्यावर बेळ्ळंदूरचा तलाव दाखवला. घरांच्या रांगांखालून जाणारी एक फिकट पट्टी बोटाने दाखवत म्हणाली, "हा जुना ओढा, मॅडम. वरचं बघून खालचं ओळखायचं. तुम्ही हेच तर शिकवलंत." मी तिथेच तिची माफी मागितली. हातोडी वापरली नाही तरी चालेल, पण टेबलावर दिसेल अशी ठेवावी.

कलम ६. घरामागची मोकळी जागा, खडकासह, श्री. बसवंत परसू गावडे यांना त्यांची बोअरवेलची लॉरी उभी करण्यासाठी कायमची द्यावी.

[कलम ६ एका आडव्या रेघेने खोडले आहे. ही जागाही कलम २ प्रमाणे उल्हासकडे जाईल. कारण कलम ८ मध्ये. खाडाखोड मान्य. व. खं. माने]

कलम ७. आता जे लिहिण्यासाठी हा सगळा कागद काढला, ते लिहिते.

बसवंत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा. १९७३ च्या वर्गातला एकटाच मराठी मुलगा. बाकीची मुले मला मॅडम म्हणत, हा बाई म्हणे. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "बाई, तुमचं मराठी आमच्या आज्जीसारखं हाय. मधेच कन्नड घुसतंय तेवढं सोडा." मला तो फार आवडला, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या विभागात कुजबुज होती, की आता बाईंना त्यांचा माणूस मिळाला. कोणी पक्षपाताचे नाव घेऊ नये म्हणून मी त्याच्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण कमी दिला. त्याला मी न्याय समजत होते. घरी बोलायची भाषा बाहेर कोणाच्या तोंडून ऐकली की जीव हरखतो, आणि लोक बघतायत म्हटले की आपणच त्या माणसाशी परके होतो. आमच्यासारख्या घरांतून हे नेहमी होते. मी ते परीक्षेत केले.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते. प्रत्येक दगडावर मीच पांढऱ्या रंगाने इंग्रजी आकडा घातलेला होता. बसवंतपुढे सहा नंबरचा पांढरा दगड आला. माझ्या यादीत सहा म्हणजे क्वार्टझाइट. त्यावर आम्ल टाकले तर काही होत नाही. थोड्या वेळाने बसवंत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाला, "बाई, आम्ल टाकलं तर बुडबुडे येतायत. हा संगमरवर हाय. या, बघा की."

परीक्षकांनी मान वर केली. माझे कान तापले. मी त्याच्यापासून दोन पावलांवर होते. "सुम्ने बरी," मी कन्नडमध्ये म्हणाले, गुमान लिही. आणि पाठ फिरवली. त्याने संगमरवरच लिहिले. त्या उत्तराला मी शून्य दिले आणि पास व्हायला चार गुण कमी पडले. निकालाच्या रकान्यात मी नापास लिहिले. पुन्हा परीक्षेला तो बसलाच नाही.

१९९४ साली कॉलेजने भूविज्ञान विभाग बंद करून त्या खोलीत कॉम्प्युटर आणले. त्यांच्यासाठी वातानुकूलन बसले. आमच्या दगडांना छत्तीस वर्षांत पंखासुद्धा मिळाला नव्हता. दगड टाकून देणार होते, ते मी दोन रिक्षा करून घरी आणले. रिक्षावाल्याने विचारले, "अक्का, घर बांधताय का?" मी म्हणाले, हो. मग अंगणातल्या खडकावर बसून एकेक दगड धुतला आणि सवयीने आम्लाचा थेंब टाकत गेले. सहा नंबरवर बुडबुडे आले.

मी तो हातात फिरवला. सहाचा नऊ झाला. यादीत नऊ म्हणजे संगमरवर. दगडाला वर-खाली नसते, म्हणून आकड्याखाली रेघ मारायची असते, आणि ती मारायची मी विसरले होते. परीक्षेआधी दगड पुसून ठेवताना मीच तो उलटा ठेवला होता. दोन पावले चालून बघितले असते तर तेव्हाच कळले असते. मी यादी बघितली, दगड बघितला नाही. बत्तीस वर्षे मुलांना मी याच्या बरोबर उलटे सांगत आले होते.

बसवंतपुढचा रकाना कोरा होता. पत्ता कोणाकडेच नव्हता. चार वर्षे शोधले. शेवटी यंदा मार्चमध्ये हर्षिताला बेळ्ळंदूरला रस्त्याकडेला बोअरवेलची लॉरी दिसली. पाटीवर लिहिले होते: बसवंत पी. गावडे, बी.एस्सी. (नापास). तिने फोन नंबर उतरवून आणला.

तो आला. केस पिकलेले, तळव्यांना घट्टे. अंगणातल्या खडकावर बसला. मी दगड त्याच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. त्याने तो एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाला, "मला ठाऊकच हुतं, बाई. पण मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक हाय."

पंचवीस वर्षे हा माणूस समजत होता की मी त्याला जाणूनबुजून नापास केले. मी पदर तोंडाला लावून रडले. तो उठला, आतून पाणी घेऊन आला आणि मला दिले.

मी विचारले, सहा महिन्यांनी पुन्हा का बसला नाहीस? "त्योच दगड पुढं आला असता तर काय लिहायचं हुतं, बाई?" मग पाटीवर नापास कशाला लिहितोस? "बी.एस्सी. केलं हे खरं, नापास झालो हेबी खरं. रबर वापरायचं न्हाई, तुम्हीच सांगिटलंत." त्याने पिशवीतून वही काढली. प्रत्येक बोअरचे दर दहा फुटांना काय लागले ते पेन्सिलीने लिहिलेले. चुकले तिथे एक रेघ, शेजारी सही. लोकांची घरे ज्या पाण्यावर चालतात, ते पाणी या वहीतून आलेले आहे. एवढी स्वच्छ वही माझ्या एकोणीस भूवैज्ञानिकांपैकी एकाचीही नाही.

त्याच दिवशी मी हजेरीवहीत त्याच्या निकालावर रेघ मारली, शेजारी उत्तीर्ण लिहिले आणि सही केली. विद्यापीठ याला विचारत नाही, मला माहीत आहे. पण नापास लिहिणारा हात विद्यापीठाचा नव्हता, माझा होता. कोऱ्या रकान्यात लिहिले: पाणी शोधतो.

कलम ८. कलम ६ खोडण्याचे कारण. आज सकाळी सह्यांसाठी सगळे जमले आणि मी बसवंतला ते कलम वाचून दाखवले. उल्हासचा चेहरा उतरला, पण सगळ्यांना चहा त्यानेच आणून दिला, हे त्याच्या नावावर जमा धरावे. बसवंत म्हणाला, "जागा नको, बाई. मला साक्षीदार करा."

वकीलसाहेबांनी समजावले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तेव्हा दोहोंतले एकच निवडा. मीही रागावले. म्हणाले, अरे, लॉरीला हक्काची जागा मिळतेय, सहीत काय ठेवलंय?

तो म्हणाला, "त्या दिवशी मी म्हटलं, या, बघा. तुम्ही आला न्हाईत. आज तुम्ही लिवा, बाई. मी बघतो."

मी कलम ६ वर रेघ मारली. कलम ५ मधून वगळलेला नमुना मी त्याच्या हातात ठेवला. जिवंतपणी दिलेल्या दगडाला मृत्युपत्र लागत नाही. आकड्याखालची रेघ आता घातली आहे. तो नऊ आहे.

येथवरचा मजकूर मी लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: बनशंकरी, बेंगळूर
दिनांक: १४ जून १९९८

(सही) वसुमती खंडोजीराव माने

साक्षीदार
१. (सही) डॉ. धनलक्ष्मी, शेजारी
२. (सही) बसवंत परसू गावडे, बी.एस्सी. (नापास)

[साक्षीदार क्रमांक २ यांच्या सहीतल्या शेवटच्या शब्दावर मी एक आडवी रेघ मारली आहे. खालचे वाचता येते. खाडाखोड मान्य. व. खं. माने]