पोरीचा तास चालू हाय

माय,

तू गेलीस त्याला आता पाच वर्षं होतील. तुला एक सांगायचं राहिलंय. लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी मी रोज दहा वाजता खोलीचं दार लावून बसायचे ना, तेव्हा मी कॉलेजच्या तासाला नसायचेच.

सुरुवातीला असायचे. बीडचं हॉस्टेल बंद झालं, मी गावी आले आणि मोबाईलवर बी.एस्सी. सुरू झाली. मग एकदा सरांनी मला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण धारूरच्या डोंगराकडची आपली रेंज. माझं निम्मं बोलणं तिनं गिळलं. "झोपेतून उठलात का मॅडम?" सर म्हणाले. साठ जणांत कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या दिवशी लिंक आली. बटण दाबवेना. आज नको, उद्या बसू, असं करत चार महिने गेले. फोन उशीखाली घालून मी भिंतीकडे बघत पडून राहायचे. मरून जावं असंही वाटायचं. पण सांगू कुणाला? नापास झाले तर यंदाच लग्न, असं दादांनी बजावलेलं, आणि मला शिकू द्यावं म्हणून तू एकटी नवऱ्याशी भांडलेली.

आणि तू! भाकरी थापल्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून तू भर उन्हात परसात चूल मांडलीस. भंगारवाल्याचा भोंगा वाजला की धावत जाऊन खेकसायचीस, "बंद कर की रे ते! माज्या पोरीचा तास चालू हाय." अख्ख्या गल्लीला माझं टाइमटेबल पाठ होतं.

मग तुला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा शेतात गेलेले. तुला धाप लागली, तर मला हाक मारायची सोडून तू दाराबाहेर बसून राहिलीस. एक वाजता मी दार उघडते, तर तू भिंतीला टेकलेली, ओठ काळेनिळे. "झाला का तास?" एवढंच विचारलंस. बीडला पोचेपर्यंत तुझं बोलणं बंद झालं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत तू गेलीस.

आत्या अजून पाव्हण्यांना सांगते, "जीव चालला तरी वैनीनं पोरीचा तास मोडू दिला न्हाई." लोक हळहळतात. मी खाली मान घालून चहा देते. त्या वर्षी आम्हाला सगळ्यांनाच पास केलं, माय. आता मी बीडला एका क्लासमध्ये शिकवते. मुलं मला चांगली म्हणतात, आणि मला स्वतःची किळस येते.

हे पत्र दादांना वाचून दाखवायचं दरवर्षी ठरवते आणि फाडून टाकते. कधी दाखवलंच, तर एवढं मात्र मी गाळेन: त्या दिवशी तुझा खोकला मला दारातून ऐकू आला होता. तू आत येशील म्हणून मी घाबरले, बंद फोन हातात धरला आणि तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येस सर."