मानेवरचे तीन मणी

भवानी पेठ, सोलापूर
१२ जानेवारी १९३२

तीर्थस्वरूप दादास,
यशोदेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. प्रभाचं लग्न ठरल्याचं वाचून मी घरात एकटीच हसले. मग कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून शेजारच्या शिवबाईच्या हातावर साखर ठेवली. ती टांगेवाल्या ईश्वरप्पाची बायको, भली बाई आहे. दादा, वहिनी अंथरुणाला होती ती तीन वर्षं प्रभा आमच्याकडे होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा गोवर मी काढला. आता तिच्यावर अक्षता टाकायला कधी निघू ते कळव. शाळेत रजा आधी मागावी लागते.

माझ्या मानेवरच्या चामखिळी काढणार का, असं वहिनीने विचारलंय. इथल्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी सांगितलं की काही अपाय नाही, दुखत नसतील तर राहू द्या. दोन बाजूंना आणि एक मागे, अंबाड्याखाली. हे होते तेव्हा थट्टा करायचे, की सोनाराने दिले नाहीत ते तीन मणी तुला देवाने जास्तीचे दिले. मंगळसूत्र काढलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. हे तीन तेवढे राहिले, म्हणून मन होत नाही. मागची तर प्रभा चिमटीत धरल्याशिवाय झोपायची नाही. तरी तू सांगशील तसं करीन.

गड्ड्याची जत्रा भरली आहे. मुली तिकडे, शाळा बंद, दिवसभर फक्त शेजारचे माग ऐकू येतात. तिळगूळ पाठवला आहे. एका बहिणीची आठवण राहू द्यावी.
तुझी
यशोदा


पुणे
२० जानेवारी १९३२

चि. यशोदेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तिळगूळ पोचला. अजून तसाच कडक करतेस. माझी उरलेली एक दाढ त्याने हलवली, तिचा जाब लग्नानंतर विचारीन.

चामखिळी काढून टाकाव्यात असंच आम्हांला वाटतं. व्याही मिरजेचे, जुन्या वळणाचे. आत्याच्या मानेवर काही दिसलं, तर घराण्यात त्वचेचा रोग आहे की काय अशी शंका काढतील. उगाच मुलीच्या मागे बोल नको. तुझा जीव त्यांत गुंतला आहे हे मी जाणतो, तेव्हा जबरदस्ती नाही. मात्र तुझ्या येण्याचं चामखिळींचं काय ते ठरल्यावर पाहू.

प्रकृतीला जप. आमच्याकडून आशीर्वादाला तोटा नाही.
तुझा
वेणीमाधव


भवानी पेठ, सोलापूर
११ फेब्रुवारी १९३२

तीर्थस्वरूप दादास,
यशोदेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काढायचं ठरवलं. प्रभापुढे तीन मणी ते काय! डॉक्टरांच्या कात्रीची धास्ती वाटली, म्हणून घोड्याच्या केसाचा उपाय धरला. शेपटीचा लांब केस घ्यायचा, चामखिळीच्या मुळाशी गाठ मारायची आणि रोज थोडी आवळायची. आठ-दहा दिवसांत ती वाळून गळते. केस ईश्वरप्पाच्या घोडीने दिला. पण मानेची गाठ आपली आपल्याला मारता येत नाही आणि घरात दुसरा हात नाही. शिवबाईला बोलावलं.

तिने पदर बाजूला करून मानेला हात लावला आणि मला एकदम रडू आलं. चार वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाटलं गाठ लागली. लई आवळलं का मास्तरीणबाई, दुखतंय का, असं ती विचारत राहिली. मी व्हय म्हटलं.

बाजूच्या दोन्ही गळाल्या. एक कुठे पडली कळलंही नाही. दुसरी उशीवर सापडली, ती तुळशीच्या मातीत पुरली. हसू नकोस. मागचीला काल केस बांधला आहे. रुखवतासाठी मण्यांचं तोरण पुरं झालं, ट्रंक भरून ठेवली. रजाही मिळाली. आता तेवढा दिवस कळव. तुझ्या दारात पाय ठेवेपर्यंत माया धरून ठेवावी.
तुझी
यशोदा


पुणे
१४ फेब्रुवारी १९३२

गं. भा. यशोदेस आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. व्याह्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, की कार्यात विधवा बाई पुढे नको. तुझ्या वहिनीने मान्य केलं आणि मी गप्प बसलो. तुला ते लिहिण्याचा धीर झाला नाही. चामखिळींचं निमित्त माझंच. तू त्या काढणार नाहीस, रागावून घरी राहशील आणि मला खरं लिहावं लागणार नाही, असं वाटलं होतं. तू त्या काढशील असं मनातही आलं नाही.

तोरण पार्सलने पाठव. तुझ्या मानेवर उपचार चालू आहेत असं प्रभाला सांगितलं आहे. तिला दुसरं काही लिहू नकोस, नाहीतर ती लग्नाला उभी राहणार नाही. मी तुझ्या नमस्काराला पात्र राहिलो नाही. जमेल तेव्हा क्षमा कर.
वेणीमाधव


मिरज
४ एप्रिल १९३२

ती. आत्यास,
प्रभाचा साष्टांग नमस्कार.

तू आली नाहीस. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा मी अंतरपाटाकडे पाहायचं सोडून दाराकडे पाहत होते. मानेचं आता कसं आहे?

इथे माझं नाव दुर्गा ठेवलं आहे. हाक मारली तरी मी वळत नाही, म्हणून ऐकू कमी येतं असं सगळ्यांना वाटतं. माणसं वाईट नाहीत, पण माझं असं कोणी नाही. तुझं तोरण दिवाणखान्याच्या दाराला लावलं आहे. कोणी केलं म्हणून सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तोंडातून आईने असं गेलं. मग दुरुस्त केलं.

आत्या, मागची तेवढी ठेवायला डॉक्टरांना सांग ना. हसशील, पण इथे झोपताना अजून माझी चिमूट शोधत असते. या पत्राला लगेच उत्तर यावं.
तुझी
प्रभा


भवानी पेठ, सोलापूर
८ एप्रिल १९३२

चि. सौ. प्रभास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर दुर्गा लिहिलं आहे, आत लिहिणार नाही. हाक मारली की वळत जा, बाळ. सवय होते. मलाही इथे सगळे मास्तरीणबाईच म्हणतात.

बाबांनी सांगितलं ते खरं. मानेवर उपचार चालू होते, म्हणून येता आलं नाही. बाबांवर रुसू नकोस. बाजूच्या दोन गेल्या. मागचीला केस बांधला होता, तो शिवबाईला सोडायला लावला. या वेळी मीच मला विचारलं.

ती आहे. मला दिसत नाही, पण रोज अंबाडा घालताना हाताला लागते. तू येईपर्यंत तिला दुसरं कोणी हात लावणार नाही.
तुझी वाट पाहणारी
आत्या