रोज एक चांगलं

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आई आणि मी चर्चमधल्या मिस्साहून आलो. कपाळावर राख तशीच. आई म्हणाली, "नताशा, मटण तू तशीही फारसं खात नाहीस. उपवासकाळात सोडायचंच तर तोंड पाडून बसणं सोड. रोज एक चांगली गोष्ट बघ आणि लिहून ठेव."

तिला जमतं हे. रेजिना म्हणजे हसरी बाई, असं अख्खं गाव म्हणतं. मला पुरावा लागतो.

ठीक आहे. आजचं चांगलं — सापडलं नाही.

२० फेब्रुवारी

चांगलं: क्लिनिकचा एसी दुरुस्त झाला. हा आनंद नव्हे, दुरुस्ती आहे. तरी लिहिलं.

२४ फेब्रुवारी

बोळिंजच्या क्लिनिकमध्ये पहिला पेशंट येण्याआधी श्रवणचाचणीचं मशीन मी स्वतःच्या कानांवर तपासते. रोजची शिस्त. आज डाव्या कानात बारीक सूर आलाच नाही. हेडफोनची तीच बाजू उजव्या कानावर धरली — सूर स्पष्ट. म्हणजे मशीन ठीक आहे.

दुपारी दार लावून स्वतःची चाचणी घेतली. आलेख छान आला! जेवण संपेपर्यंत खूश होते. मग लक्षात आलं — सूर सोडणारा हात माझा, 'ऐकलं' म्हणून बटण दाबणारा हातही माझाच. एका हाताचं दुसऱ्याला आधीच माहीत होतं. कानांना कुणी विचारलंच नाही.

२ मार्च

खरी चाचणी जितेशने घेतली. माझ्याबरोबर काम करतो, बाहेर बोलणार नाही. दोन्ही कान उतरलेत. आतली नस. गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही उतरत जाणार.

"घरात कुणाला कमी ऐकू येतं?"

"नाही."

"अगं, कानाचं मशीन लावून लोक गरबा खेळतात! पॉझिटिव्ह राहा यार."

हे वाक्य मीच रोज पेशंटना सांगते. खुर्चीच्या या बाजूला ते कसं लागतं, आज कळलं.

आईला सांगणार नाही. तिचं हसणं माझ्यामुळे जायला नको.

चांगलं: काही नाही.

१५ मार्च

ॲंजेला आत्या आली होती. आई ओट्याशी चहा गाळत होती, आत्या मागून बोलली — "रेजिना, पोरीचं लग्न करणार, की तिला बरणीत घालून मुरवणार?" आई वळली, हसली, कप दिला. वर आत्या निघताना तिच्या पिशवीत वाडीतल्या केळ्यांची फणी घातली.

मी नंतर विचारलं, "तुला राग येत नाही?"

"कशाचा गं?"

असतात अशी माणसं. मी तशी नाही.

२७ मार्च

एक आजोबा शब्दचाचणीला आले. मी शब्द म्हणायचा, त्यांनी तोच परत म्हणायचा. ते बरोबर म्हणत होते, मी चूक लिहीत होते. जितेशने मला हळूच उठवलं आणि स्वतः बसला. आजोबा म्हणाले, "पोरी, तूच जरा कान तपासून घे!" सगळे हसले. मीही हसले.

मोजणाऱ्याचंच माप गेलं. ईस्टरनंतर राजीनामा देणार.

रोजचं चांगलं लिहिणं आजपासून बंद.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

रिवाजाप्रमाणे आज चर्चची घंटा मुकी. फक्त लाकडाची टकटक. आज घंटा कुणालाच ऐकू येत नाही — बरं वाटलं. असं बरं वाटणं वाईट, कळतं.

घरी आले. आई मोरीत भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. पाठीला सांगणं सोपं. सगळं सांगून टाकलं — कान, नस, नोकरी. ती गुणगुणत राहिली. एक शब्द नाही! संताप आला. पोरीचे कान चाललेत आणि हिचं गाणं थांबत नाही? कसला हा आनंद!

मग ती पातेलं घ्यायला वळली आणि दचकली. "बाई गं! कधी आलीस?"

मी नळ बंद केला. तिला पुन्हा पाठ करून उभं केलं. "हे काय नवीन?" म्हणून ती हसली. मी चाचणीतले शब्द म्हटले. घर. पाय. मासा. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. तिची मानसुद्धा हलली नाही.

जितेशला मी 'नाही' सांगितलं होतं. न तपासता.

४ एप्रिल

आईला क्लिनिकच्या आवाजबंद बूथमध्ये बसवलं. आलेख माझाच, फक्त पुष्कळ पुढे गेलेला.

"कधीपासून?"

"तू शाळेत होतीस."

"आणि लोक बोलतात ते?"

"तोंडं बघते. नाही कळलं, तर चांगलंच बोलले असतील असं धरते. दुसरं काय धरू? वाईट धरलं असतं तर घराबाहेर पडलेच नसते."

मग माझं सांगितलं. समोर बसून, ओठ नीट हलवून. ती हसली नाही. माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. "माझंच घेतलंस," म्हणाली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

निघताना जितेशने तिला ट्रायलचं मशीन लावून दिलं.

५ एप्रिल, ईस्टर

जेवायला ॲंजेला आत्या. आईचं मशीन केसांखाली, आत्याला माहीत नाही. माझ्याकडे बघत, ताटावर वाकून आत्या हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मला कळलं नाही. आईच्या हातातला पाव हातातच राहिला — तिला ऐकू आलं!

"काय म्हणाली?" मी विचारलं.

आईने पाव खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग हसली.

"चांगलंच बोलली."